चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची निघते तेव्हा

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वीस वर्षांहून अधिक काळ त्या मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, रविवारची शाळा चालवतात. प्रभुभोजनाचे पेले धुणं, वेदीवरच्या चादरीला इस्त्री करणं, दवाखान्यात असलेल्यांना भेटणं, कोणाकडे मयत झाली की सर्वांच्या आधी पोचणं, हेही त्यांच्याकडेच असतं. कोणी सोपवलं नव्हतं, होत गेलं. या वर्षी त्या पहिल्यांदाच मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पडल्या. निवडून आले ते पुण्यातल्या नोकरीतून निवृत्त होऊन दोनच वर्षांपूर्वी गावी परतलेले एक गृहस्थ. हंगामाच्या सणाला नव्या कमिटीचा शाल देऊन सत्कार झाला, एकेकाचं नाव पुकारलं गेलं. ताई तेव्हा मागच्या खोलीत मुलांना नाटुकल्याचे कपडे चढवत होत्या. लेक म्हणते, "आई, तू फुकट राबतेस." मिस्टर म्हणतात, सोडून दे. पाळकसाहेबांनी "प्रभू बघतो आहे" म्हणून समजूत काढली. ताई विचारतात: "मला राग येतो आणि राग आला की अपराधी वाटतं. हा माझा मीपणा आहे का? पद नसतानाही समाधानाने सेवा करावी असं सांगणारे सगळे पदावरचेच असतात. मी काय करू?"

ताई, जय ख्रिस्त.

तुमचं ते शेवटून दुसरं वाक्य मला बोचलं, आणि बोचायलाच हवं होतं. या सदरावर दर अंकात माझं नाव छापून येतं, तेव्हा मीही त्या सांगणाऱ्यांतलीच. म्हणून "समाधान मानून घ्या, देव देईल" असं लिहून हे पत्र मिटवायचा अधिकार मला नाही. तसं लिहिणं सोपं होतं, आणि तुम्हाला ते आधीच मिळालेलं आहे.

आधी तुमच्या अपराधीपणाकडे बघू. कमिटीत जावंसं वाटणं हाच मीपणा, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. हे तुम्हाला कोणी शिकवलं? प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो की अध्यक्षपणाची इच्छा धरणारा चांगल्या कामाची इच्छा धरतो. येशूच्या बारा शिष्यांतले दोघे, जब्दीचे मुलगे, तर येशूकडे थेट उजवीडावीकडच्या जागाच मागायला गेले. मार्कानं ती गोष्ट लिहिली आहे, दहाव्या अध्यायात. येशूनं त्यांना हाकललं नाही. आधी विचारलं, तुम्हाला काय हवंय? मग विचारलं, मी पिणार तो प्याला तुम्हाला पिता येईल का? उरलेले दहाजण त्या दोघांवर चिडले, आणि ते का चिडले हे कळायला फार अक्कल लागत नाही. इच्छा बाराही जणांच्या मनात होती, दोघांनी ती बोलून दाखवली एवढंच.

येशूचा तो दुसरा प्रश्न मी तुम्हाला विचारते. पास्टरेट कमिटीचा प्याला कसा असतो, ठाऊक आहे ना? पावसाळ्यात गळणारं छप्पर, कब्रस्तानाच्या भिंतीचं कोटेशन, डायोसीसला, म्हणजे बिशपच्या कार्यालयाला, पाठवायची वर्गणी थकली म्हणून आलेलं पत्र, मिशनच्या जुन्या जागेवरून चाललेली कोर्टाची तारीख, आणि रात्री साडेदहापर्यंत चालणारी सभा, जिच्यात अर्धा वेळ मागच्या सभेच्या इतिवृत्तावर भांडण. तुम्हाला हे काम करायचं होतं का? मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी, बायकांसाठी त्या टेबलावर बसून काही बदलायचं होतं का? असेल, तर तुमची इच्छा चांगल्या कामाची आहे आणि तिच्याबद्दल लाज बाळगायचं कारण नाही. तीन वर्षांनी पुन्हा उभ्या राहा. पण या कामांचं तुम्हाला काहीच वाटत नसेल आणि त्या दिवशीची शाल तेवढी डोळ्यांपुढे येत असेल, तर तुम्हाला हवी होती ती ओळख. तेही पाप नाही हो. माणसाला आपलं नाव कोणी घ्यावं असं वाटतंच. पण ओळखीची भूक कमिटीच्या खुर्चीनं भागत नाही. खुर्चीवरच्या कितीतरी माणसांना मी उपाशीच पाहिलं आहे, आणि तुमच्याही मंडळीत दोनतीन नावं तुम्हाला आत्ता आठवली असतील.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एक निवड आहे, ती तुमच्यासाठी पुन्हा वाचली. येशूला धरून देणारा यहूदा गेलेला, बारा शिष्यांतले अकरा उरलेले, सुमारे 120 माणसं जमलेली. पेत्र अट सांगतो: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत जे आपल्याबरोबर वावरले, त्यांच्यातला एक हवा. दोन नावं पुढे येतात. एक बर्सबा म्हटलेला योसेफ, ज्याला युस्तही म्हणत, आणि दुसरा मत्थिया. प्रार्थना होते, चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघते.

यावर प्रवचनं होतात ती मत्थियावर, नाहीतर चिठ्ठ्या टाकण्यावर. मला युस्तात जास्त रस आहे. अट नीट वाचली तर कळतं की हा माणूस पहिल्यापासून तिथे होता. बाराजणांच्या यादीत नसताना, शुभवर्तमानांत एकदाही नाव आलेलं नसताना, तो त्याच धुळीच्या वाटा तुडवत होता. त्यानं आपलं नाव पुढे येऊ दिलं, चारचौघांसमोर. आणि सगळ्यांसमोर चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. त्या रात्री तो काय मनानं झोपला, हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. पण पुढच्याच अध्यायात पेंटेकॉस्टच्या दिवशी ते सर्व एकत्र होते आणि सर्वांवर आत्मा उतरला. ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याला वगळलं, असं कुठे लिहिलेलं नाही. आणखी एक गंमत बघा. जिंकलेल्या मत्थियाचंही नाव नव्या करारात त्यानंतर कुठे येत नाही. दोघंही त्या गर्दीत मिसळून गेले आणि काम चालू राहिलं.

ही गोष्ट तुमच्यावर चिकटवून "म्हणून तुमचं पडणंही देवाचीच इच्छा" असं मी म्हणणार नाही. आपल्या मंडळ्यांच्या निवडणुका कशा होतात ते आपण दोघी जाणतो. घराणं, सासर-माहेर, कोण कोणाच्या लग्नाला गेलं नव्हतं, कोण मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालं, आणि शेवटी बाई आहे की बाप्या. मतपत्रिकेतून देव बोलूही शकतो, पण दर वेळी तोच बोलतो असं धरणं भाबडेपणाचं आहे. तुमच्यावर अन्याय झाला असेल, असेलच कदाचित. मला एवढंच दिसतं की निवडीआधीची युस्ताची वर्षं खोटी नव्हती, आणि निवड न झाल्यावरही ती खोटी ठरली नाहीत. तुमच्या मनात मात्र नेमकं हेच घडतंय असं पत्रावरून वाटतं. निकाल लागला आणि वीस वर्षांच्या कामाची किंमत तुमच्याच नजरेत उतरली. ज्या मुलाला तुम्ही पहिलं पाठांतर शिकवलंत, त्याच्यासाठी ती किंमत आज सकाळीही तेवढीच होती.

आता समाधानाबद्दल. पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलं की ज्या स्थितीत मी आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. ही ओळ आपल्याकडे घराच्या भिंतीवर लावतात, आणि राबणाऱ्यांच्या तोंडावरही फेकतात. तिच्या आजूबाजूला काय आहे ते फार कमी लोक वाचून दाखवतात. पौल बंदिवासात आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला काही मदत पाठवली आहे, त्याबद्दल तो लिहितो आहे. आधी म्हणतो, तुम्ही माझी पुन्हा काळजी करू लागलात याचा मला फार आनंद झाला. मग संतुष्ट असण्याबद्दल बोलतो. आणि लगेच पुन्हा म्हणतो, तरीही तुम्ही माझ्या संकटात सोबत केलीत हे चांगलंच केलंत. म्हणजे संतुष्ट माणसालाही कोणी आठवण ठेवली याचा आनंद होतो, आणि तो तसं मोकळेपणानं लिहितो. कोणी दखल घेतली काय नि न घेतली काय, मला काहीच वाटत नाही, असं दगडी मन पौलाकडे नव्हतं. ते तुमच्याकडे नाही म्हणून तुम्ही कमी विश्वासू ठरत नाही. शिवाय त्यालाही हे शिकावं लागलं. त्याचं मन पालटलं त्या दमस्कसच्या वाटेवर एका प्रकाशात मिळालं नाही.

शिवाय याच पौलानं गलतीकरांना लिहिताना आपलं प्रेषितपण दात-ओठ खाऊन राखलं. तिथे त्याच्या मानाचा प्रश्न नव्हता, सुवार्तेचा होता, म्हणून तो गप्प बसला नाही. तेव्हा समाधान म्हणजे दर वेळी गप्प बसणं, हे दुसरं गृहीतकही मला मोडून टाकायचं आहे. प्रेषितांच्या सहाव्या अध्यायात हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, यहूद्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. बाराजणांनी त्यांना "समाधान माना, प्रभू बघतो आहे" असं सांगितलं नाही. सभा बोलावली, सातजण नेमले, आणि त्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची माणसं त्या कामावर बसवली असावीत असं त्यावरून दिसतं. गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात, आणि देव म्हणतो, या मुली बरोबर बोलतात. मागणाऱ्या बायकांबद्दल शास्त्रात एवढी सरळ दाद आहे, तरी आपल्या भगिनी मंडळाच्या सभेत हा उतारा क्वचितच वाचला जातो. का, ते तुम्हीच ओळखा.

"पदाविना सेवा" हे फार सुंदर वाटतं तेव्हा थोडं सावध राहायला हवं, असं माझं मत आहे. आपल्या भागाचाच इतिहास घ्या. नगर, वडाळा, राहुरी, सोलापूर इकडे अमेरिकन मराठी मिशनच्या काळात बायबलबाया घरोघर फिरत. पुरुष उपदेशकाला ज्या माजघरात पाऊल ठेवता येत नव्हतं, तिथे त्या जात, वाचायला शिकवत, बाळंतिणीची विचारपूस करत, प्रार्थना करत. पगार तुटपुंजा, आणि मंडळीच्या कारभारात त्यांचा आवाज नसल्यातच जमा. आज आपण त्यांना श्रद्धांजली वाहतो, फोटो असलाच तर त्याला हार घालतो. त्यांच्या समाधानाचं कौतुक करताना त्यांना सभेत कोणी बोलावलंच नव्हतं, हे विसरून चालत नाही. दोन्ही खरं आहे: त्यांची सेवा अस्सल होती, आणि मंडळीनं त्यांना दिलेली वागणूक अपुरी होती. तुमच्याबद्दलही ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. राग आला की तुम्हाला पहिलं खोटं वाटतं, अपराधी वाटलं की दुसरं.

पंडिता रमाबाईंना कोणत्याही मंडळीनं पाळकपणाची दीक्षा दिलेली नव्हती. केडगावला मुक्ती ही निराधार बायकांची संस्था उभी राहिली, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बाया तिथे राहिल्या, शिकल्या, आणि हिब्रू व ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्याचं काम रमाबाईंनी 1922 मध्ये मृत्यूच्या आधी पुरं केलं. पण मला त्यांच्यापेक्षा त्या छापखान्यातल्या बाया जास्त आठवतात. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच बाया. रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, यांची नावं सांगा म्हटलं तर आपण गप्प होऊ. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घ्या. त्यांच्याकडे पद होतं, पगार होता, मान होता. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा करायला निघाले. पद मिळालं की मन निवतं, असं असतं तर त्यांनी ते सोडलं नसतं.

आता थोडं कडू बोलते. तुम्ही लिहिता, "मी नसले तर रविवारची शाळा बंद पडेल." हे वाक्य तुम्ही दुःखानं लिहिलं आहे, पण त्यात मला थोडी ऐटही ऐकू आली. वीस वर्षांत तुमच्या हाताखाली किती शिक्षक तयार झाले? गाणी कोणती घ्यायची, नाताळच्या नाटुकल्यात मरिया कोण होणार, खडू-रंगांचं कपाट कोणाच्या किल्लीनं उघडतं, हे सगळं तुमच्याकडेच आहे ना? आपल्यावाचून अडणं हेसुद्धा एक पदच असतं, ताई. त्याला निवडणूक नसते, मुदत नसते आणि शाल नसते, पण सत्ता असते. मी चुकत असेन तर तुम्ही खुशाल हसा. पण एखाद्या तरुण मुलीनं "मावशी, यंदा कार्यक्रम मी बसवते" म्हटलं तर पोटात काय होईल, ते प्रामाणिकपणे बघा. कमिटीनं तुम्हाला जागा दिली नाही म्हणून तुम्ही दुखावलात, आणि कोणास ठाऊक, तुमच्याही खोलीच्या दाराशी कोणी जागेची वाट बघत उभं असेल.

तेव्हा करायचं काय?

मिस्टरांचा सल्ला आधी तपासू. सोडून देणं हा काही भित्रा किंवा अधार्मिक पर्याय नाही. वर्षानुवर्षं एकच काम ओढून माणूस आतून कोरडा पडतो, मुलांवर खेकसायला लागतो, घरात आजारी सासू असते, स्वतःची साखर वाढलेली असते. अशा वेळी सोडणं शहाणपणाचंच. पण निकालानंतरच्या महिन्यात, रागाच्या भरात, सगळ्यांना कळावं म्हणून सोडलंत तर ती शिक्षा कमिटीला होणार नाही, त्या मुलांना होईल. आणि "बघा आता माझ्यावाचून कसं चालतं" असं म्हणत घरी बसलेल्या बाईला रविवारी सकाळी फार जड जातं. सोडायचंच असेल तर नाताळ उरकल्यावर, नवी माणसं तयार करून, तारीख सांगून सोडा.

आहे तसं मुकाट्यानं चालू ठेवणं मात्र मी सुचवणार नाही. तुम्ही तसं केलंत तर सहा महिन्यांत राग परत येईल, या वेळी अधिक कुजलेला.

मधली वाट थोडी कष्टाची आहे. एका दुपारी वही घेऊन बसा आणि मंडळीत तुम्ही करता ती सगळी कामं लिहून काढा, पेले धुण्यापासून. प्रत्येकापुढे लिहा की हे कोणी बघितलं नाही तरी मी आनंदानं करीन का. उत्तर लगेच येईल. माझा अंदाज असा की आजाऱ्यांना भेटणं आणि मुलांना शिकवणं यांच्यापुढे "हो" येईल आणि सणाच्या जेवणाचा हिशेब, सजावट, वर्गणी गोळा करणं यांच्यापुढे पेन अडखळेल. "हो" वाली कामं तुमची आहेत, ती कोणत्याही कमिटीनं दिलेली नाहीत आणि कोणाला काढूनही घेता येणार नाहीत. अडखळणाऱ्या कामांपैकी दोन या वर्षी नम्रपणे परत करा. कोणाला द्यायची हे ठरवणं कमिटीचं काम आहे, तुमचं नाही. तीन रविवार फुलदाणी रिकामी राहिली तर राहू द्या. हे तीन रविवार तुम्हाला सर्वांत अवघड जातील, आत्ताच सांगून ठेवते.

पैशाचं मात्र लगेच थांबवा. तुम्ही लिहिलं आहे की सहलीची आणि कार्यक्रमाची वर्गणी तुमच्याच पर्समध्ये असते. पद नाही, सहीचा अधिकार नाही, आणि पैसा हाती, ही अवस्था धोक्याची आहे. उद्या 200 रुपयांचा मेळ लागला नाही तर वीस वर्षांचं नाव एका सभेत मातीत जाईल. खजिनदाराकडे जमा करा, पावती घ्या, खर्चाला तिथूनच उचल मागा. इथे विश्वासाचा किंवा अविश्वासाचा मुद्दा नाही. दोन माणसांसमोर अर्पण मोजायची पद्धत आपल्याकडे आहेच, तीच इथेही लावायची.

मग पाळकसाहेबांना एकटं भेटा. वार्षिक सभेत नको, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. त्यांच्या बायकोच्या कानावर घालून तिनं पुढे सांगावं, असंही नको. वेळ मागून घ्या आणि दोनच गोष्टी बोला. पहिली दुखल्याची: "साहेब, निवडणुकीत हरले याचं वाईट वाटलं, पण सणाला शाळेच्या शिक्षकांचा उल्लेखही झाला नाही, ते जास्त लागलं." एवढंच. कोणाला मतं कशी पडली, कोणी कोणाला फोन केले, हा विषय काढू नका. तुम्ही बरोबर असलात तरी तिथे तुमचं बोलणं संपेल आणि गावकी सुरू होईल. दुसरी गोष्ट मागण्याची: "रविवारच्या शाळेसाठी वर्षाला ठरावीक रक्कम कमिटीनं मंजूर करावी, आणि मुलांचा विषय निघेल त्या सभेला मला निमंत्रित म्हणून बोलवावं." कामाला लागणारा अधिकार मागण्यात कमीपणा नाही. तो स्वतःसाठी मागितलेला मान नसतो, आणि साहेबांना नाही म्हणायलाही त्यामुळे जड जातं. नाही म्हणालेच तर "विचार करा, मी पुढच्या महिन्यात येते" म्हणा, आणि खरोखर जा.

निवडून आलेल्या त्या गृहस्थांबद्दल तुम्ही एक ओळसुद्धा वाईट लिहिलेली नाही, हे मला आवडलं. त्यांना मंडळीची माहिती नाही, हीच तुमची तक्रार आहे ना? मग ती त्यांना द्या. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना त्यांना सोबत घ्या: "दादा, चला, अमक्या आजी अंथरुणाला खिळून आहेत, तुमची ओळख करून देते." सुरुवातीला घशाशी येईल. पण ज्या माणसाबरोबर तुम्ही एका आजारी बाईच्या खाटेशी उभं राहून प्रार्थना केली, त्याच्यावर डूख धरणं फार कठीण जातं. शिवाय कमिटीत एक माणूस तरी असा तयार होईल ज्याला छपराखेरीज माणसंही दिसतील. हे तुमच्या उमेदवारीचं अर्धं काम झालंच की.

लेकीला काय सांगाल? ती चुकीचं बोलत नाहीये. तिला आई थकलेली दिसते आणि कोणी विचारत नाही तेही दिसतं. तिला उपदेश करू नका. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय तिच्याबरोबर बसून वाचा, जो आपण सगळे नावांची यादी म्हणून उडी मारून जातो. पौल तिथे वीसहून जास्त माणसांना नावानं सलाम सांगतो. मरिया, जिनं तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले. त्रुफैना आणि त्रुफोसा, पर्सिस, प्रभूमध्ये श्रम करणाऱ्या. बहुतेकांपुढे हुद्दा नाही, काम लिहिलं आहे. आणि एक बाई तर अशी की तिचं नावही नाही: रूफाची आई, जी माझीही आई, असं पौल म्हणतो. त्या बाईनं त्याच्यासाठी नेमकं काय केलं, कोणालाच माहीत नाही. जेवू घातलं असेल, आजारपण काढलं असेल. पण एवढ्या मोठ्या प्रेषितानं पत्र लिहिताना तिची आठवण काढली, आणि ते पत्र मंडळीत मोठ्यानं वाचलं गेलं. लेकीला विचारा, हे फुकट होतं का? ती हो म्हणाली तर तेही ऐकून घ्या. आणि तिच्या एका म्हणण्यावर आजच अंमल करा: रविवारी दुपारी घरी येऊन आडव्या व्हा. शब्बाथ शिकवणाऱ्या बाईनं तो पाळायलाही हरकत नसावी.

समाधान येईल का, असं विचाराल तर मला वाटतं येईल, पण सलग नाही. एखाद्या रविवारी मूल पाठांतर न चुकता म्हणेल आणि कमिटी कोणाची आहे हे तुम्ही विसरून जाल. पुढच्या सणाला पुन्हा नावं पुकारली जातील आणि पुन्हा टोचेल. टोचलं म्हणून मागचं समाधान खोटं होतं असं समजू नका. त्या क्षणी देवापुढे जाऊन सरळ बोला, "मला माझं नाव ऐकायचं होतं." स्तोत्रकर्ते याहून कितीतरी कडक बोलले आहेत. वर्षभरानंतरही राग तसाच असेल, झोप लागत नसेल, उपासनेला जावंसंच वाटत नसेल, तर मंडळीबाहेरच्या एखाद्या जाणत्या पाळकाशी किंवा समुपदेशकाशी बोला. गावातल्या गावात हे बोलणं फिरतं, म्हणून बाहेरच्या.

हे सदर कमिटीवरची मंडळीही वाचतात, त्यांना दोन शब्द. "प्रभू बघतो आहे" हे वाक्य खरं आहे, पण ते स्वतःबद्दल बोलायचं वाक्य आहे, दुसऱ्याचे आभार मानायचं टाळण्यासाठी वापरायचं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं देणाऱ्याला सांगितलं की डाव्या हाताला कळू देऊ नकोस. घेणाऱ्यानं कृतघ्न राहावं असं त्यानं कुठे म्हटल्याचं मला आढळलेलं नाही. नाताळच्या कार्यक्रमपत्रिका छापायला जातील तेव्हा रविवारच्या शाळेचे शिक्षक, वाद्यं वाजवणारी मुलं, झाडलोट करणारे मामा, पेले धुणाऱ्या बाया, यांची नावं आत घाला. जागा कमी पडली तर पहिल्या पानावरची मानद अध्यक्षांची नावं थोड्या लहान टाइपात चालतील. आणि पुढच्या निवडणुकीआधी सगळ्या शिक्षकांना बोलावून विचारा की तुमच्यापैकी कोणाला उभं राहायचं आहे का. त्यांनी मागावं याची वाट बघू नका.